देवघरातला दादा

राणीसावरगाव, ता. गंगाखेड
१८ मे १९४५

तीर्थरूप बन्सीदादास,
कमलचा शि. सा. न. वि. वि.

परवा जात्यावर बसल्या बसल्या केवळावहिनींनी मला विचारलं की, माणूस जिवंत आहे, पत्र लिहितो, पण दारात उभा नाही, तर त्याच्या बायकोनं स्वतःला काय म्हणवून घ्यायचं? दादा, मला उत्तर देता आलं नाही. हैदराबादला राहून, सगळा इतिहास उर्दूतून पाठ करून, घरातली पहिली पदवी मी आणली. सेलूच्या शाळेत मुलींना दिवसभर प्रश्न विचारते. आणि वहिनींपुढे जात्याचा खुंटा धरून नुसती बसले.

इकडे लढाई संपल्याची बातमी पटवाऱ्यानं चावडीत वाचून दाखवली. आबांनी मारुतीला नारळ फोडला. आईनं तुझा जुना कोट उन्हात घातला आहे. त्याला कसर लागली होती, म्हणून ती कोटालाच रागावत होती. आपल्या थोरल्या काकांच्या, दिनकररावांच्या, मुलीचं लग्न वैशाखात झालं. दोनशे पान उठलं. वहिनींनी चार दिवस चुलीपुढे काढले, पण मांडवात त्या आल्या नाहीत. का, ते विचारू नकोस.

त्यांचं लिहिणं मात्र छान चाललं आहे. जोडाक्षरं आली की चिडतात, म्हणतात की ह्या अक्षरांना एकमेकांच्या अंगावर बसायची काय गरज हाय. एक दिवस त्या तुला स्वतःच्या हातानं लिहितील.

आबा शेजारीच बसले आहेत. लिहून झालं की पत्र मोठ्यानं वाचून दाखवावं लागेल. या पत्रात जे नाही ते मुद्दामच लिहिलेलं नाही, ही ओळ मी वाचताना गाळणार आहे. तूही समजून घे आणि उत्तरात काही विचारू नकोस. एकच करायचं: आषाढी एकादशीच्या आत, वीस जुलैच्या आत, घरी ये. मागच्या पत्रात जूनच्या बोटीचं लिहिलं होतंस. ती बोट सोडू नकोस.

माया आहे तेवढी पाठवली आहे, उरलेली घरी आल्यावर घे.

तुझी
कमल


इटली
३० मे १९४५

चि. कमलास,
बन्सीदादाचे अनेक आशीर्वाद.

पंतोजीणबाई, तुझं पत्र पोचलं. गावाचं नाव लिहायची अजून मनाई आहे, म्हणून वर नुसतं इटली लिहिलं.

आधी गंमत सांगतो. आम्हांला चौदा दिवसांची रजा मिळणार आहे आणि आम्ही युरोप बघायला निघणार आहोत! आम्ही म्हणजे मी आणि पूर्णेचा सटवाजी. त्याचा बाप पूर्णा जंक्शनवर सांधेवाला आहे, त्यामुळे गाड्यांच्या बाबतीत तो कोणाचं ऐकत नाही. बिस्किटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर त्यानं सगळा नकाशा काढला आहे. रोम, मग फ्लॉरेन्स, मग व्हेनिस. बोलोन्या म्हणून एक स्टेशन आहे, त्याला तो इकडची पूर्णा म्हणतो; तिथं उतरलं की कुठंही जाता येतं. परवानगी मिळाली तर डोंगरापलीकडे स्वित्झर्लंड. पॅरिससुद्धा त्यानं पुठ्ठ्याच्या कडेला लिहून ठेवलं आहे, पण तिथंवर रूळ काढायला जागा उरली नाही.

हसू नकोस. मला कैदी करून या मुलुखात आणलं तेव्हा मालगाडीच्या फळ्यांच्या फटीतून जेवढं दिसलं तेवढंच मी पाहिलं. एक चर्चचा कळस दिसायचा, कधी वाळत घातलेले कपडे, की पुन्हा अंधार. या मुलुखातून एकदा खिडकीशी बसून, कोणी मोजत नसताना जायचं आहे. आणि वाटेत एका डोंगरातल्या घरी जायचं आहे. त्याविषयी समोर बसून सांगेन.

आता बोटीचं. पंचवीस जूनच्या बोटीत माझं नाव होतं. आमच्यातल्या एकाची आई अंथरुणाला खिळली आहे, माझी पाळी मी त्याला दिली. माझं नाव आता ऑगस्टच्या यादीत आहे. मन बदललं तर वीस जूनच्या पुढेही तीन-चार दिवस त्या बोटीत नाव परत घालता येतं, पण कशाला? तीन वर्षं थांबलात, आणखी दोन महिने काय.

आईला सांग, कोट ठेवून दे, आता तो मला बसायचा नाही. तुझ्या वहिनीला सांग की व्हेनिसला काचेचं काम फार नामी होतं म्हणतात. तिच्यासाठी हिरव्या बांगड्या आणतो. माप मात्र लिहून पाठव, सुतळीनं मोजून.

आबांना दंडवत. तुझ्या रागालाही आशीर्वाद, तो अंगात मुरू देऊ नकोस.

तुझा
बन्सीदादा


सेलू
११ जून १९४५

तीर्थरूप दादास,
नमस्कार तुला, रागासकट.

माप कसलं पाठवू? वहिनींच्या हातात बांगडी नाही. वर्ष उलटून गेलं. गळ्यात काळी पोत नाही, कपाळाला कुंकू नाही. घरात सगळ्यांनी मला शपथ घातली होती, ती आज मोडते. मी सेलूत आहे, शेजारी आबा नाहीत, आणि या पत्रातली एकही ओळ कोणाला वाचून दाखवायची नाही.

दादा, आपल्या घरात तू मेलेला आहेस.

नीट ऐक. इटलीतली तुझी कैद्यांची छावणी मोडली आणि सरकारी कागद आला की तुझा ठावठिकाणा नाही. हिवाळा गेला, शिमगा गेला, पत्र नाही. चैत्रात आईला स्वप्न पडलं: तू अंगणात उभा आहेस, ओंजळ पुढे केली आहेस आणि पाणी मागतो आहेस. तीनदा पडलं. तिनं ते थोरल्या काकांना सांगितलं. काकांनी जोशीबुवांना विचारलं, आणि दोघांनी ठरवलं की तुझा जीव पाण्यावाचून भटकतो आहे. गंगाखेडला गोदावरीच्या काठी पळसाच्या पानांचा पुतळा केला. त्याला तुझं धोतर नेसवलं. आबांनी स्वतः अग्नी दिला. दहावा झाला, तेरावा झाला. वहिनींच्या बांगड्या तिथल्याच पायरीच्या दगडावर फोडल्या. तेव्हा मी हैदराबादला बी.ए.चे पेपर लिहीत होते. परीक्षा आहे म्हणून मला कळवलं नाही. पास होईन म्हणून आनंदात घरी आले तर दारात वहिनी पांढऱ्या लुगड्यात उभ्या.

पुढचं त्याहून वाईट आहे. ऑगस्टात तुझं पत्र आलं! मीच वाचलं. आबा अंगणात लोळून रडले. गावात साखर वाटली. वहिनी धावत घरात गेल्या आणि कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. तेवढ्यात काका मधे आले. म्हणाले की ज्याचं पाणी सोडलं तो देहानं जिवंत असला तरी घराला मेलेलाच. तो स्वतः आला पाहिजे. त्याला तुपानं न्हाऊ घालायचं, तान्ह्या मुलासारखं बारसं करायचं, आणि मग त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. ते होईपर्यंत तिनं कुंकू लावलं तर घरावर येईल. आबांनी मान खाली घातली. आईनं करंडा वहिनींच्या हातातून काढून घेतला.

दहा महिने झाले. नवरा पत्र लिहितो, बायको विधवा. आळीतल्या बायनाकाकू हळदीकुंकवाला आईला बोलावतात, वहिनींना ओलांडून जातात. आणि त्याच वहिनी तुझी पत्रं माझ्याकडून तीन-तीनदा वाचून घेतात.

देवघरात तुझा टाकही आहे. पूर्वजांच्या चांदीच्या टाकांच्या रांगेत शेवटी तू. घोड्यावर बसलेला, हातात तलवार! तू आयुष्यभर लारी चालवलीस. रोज सकाळी आई त्याला गंध लावते. सुट्टीत घरी असले की ते बघून माझ्या तोंडचा घास कडू होतो.

तुला कळवायचं नाही असं ठरलं. फौजेतलं पोरगं, मनाला लावून घेईल, म्हणे. मी शाळेत मुलींना सांगते की खरं बोलायला शिक्षण लागतं. आणि मी दहा महिने वाचताना ओळी गाळल्या, लिहिताना गाळल्या. मला सगळ्यांचा राग येतो, पण सगळ्यांत जास्त माझाच येतो.

नाही, त्याहून जास्त तुझा. सोळा जुलै हा लग्नाचा शेवटचा मुहूर्त आहे. वीसला आषाढी, म्हणजे चातुर्मास लागला. मग कार्तिकापर्यंत लग्न लागत नाही. त्या बोटीनं आलास तर बसतं. नाही आलास तर तुझ्या चौदा दिवसांच्या सहलीसाठी वहिनींना आणखी चार महिने पांढऱ्या कपाळानं काढावे लागतील. तुझा कळस, तुझी खिडकी, तुझा तो पुठ्ठ्यावरचा सटवाजी, सगळं सुंदर आहे. बोटीत नाव परत घाल आणि ये. हे विधी मला मान्य नाहीत, शरम वाटते. पण वहिनींना सोडवायला दुसरी वाट दिसत नाही.

लोभ ठेव असं म्हणायला आज जीभ रेटत नाही. ये, मग बघू.

कमल


इटली
२३ जून १९४५

चि. कमलास,
आशीर्वाद.

तुझं पत्र लारीच्या पायरीवर बसून वाचलं. माझं तोंड बघून सटवाजीनं विचारलं की घरी कोण गेलं. मी म्हटलं, मी.

तो हसला. मग हसायचा थांबला.

चैत्रात मी कुठं होतो ते आता तूही ऐक. छावणी मोडली तेव्हा मी डोंगरात पळालो. तिथं आसुंता नावाच्या एका म्हातारीनं मला नऊ महिने, आपली फौज पोचेपर्यंत, गोठ्याच्या माळ्यावर लपवलं. पकडली गेली असती तर जर्मनांनी तिला गोळी घातली असती. लढाई चालू होती तोवर तिचं नाव कागदावर लिहायची माझी हिंमत नव्हती, म्हणून कोणालाच सांगितलं नाही. तिच्या शेळ्या मी राखल्या. मी धार काढायला बसलो की ती पोट धरून हसायची. आई मला तहानलेला बघत होती, तेव्हा मी भांडंभर दूध पीत होतो गं.

तिचा एकुलता एक मुलगा रशियाकडे लढायला गेला आणि बेपत्ता झाला. तिलाही सरकारी कागद आला होता, आपल्यासारखाच. ती रोज त्याचं ताट मांडायची. रोज. जेवण झालं की त्याचं ताट धुऊन पालथं घालायची. गावचे पाद्री तिला समजवायला आले की आता त्याच्या नावानं प्रार्थना करून टाकू, तर तिनं त्यांना काठी दाखवली. तुम्ही सात महिने धीर धरला नाही. आईच्या स्वप्नावर मला जाळलं, आणि ही गोष्ट मलाच दहा महिने कळवली नाही.

परवा बोट सुटेल. मी तिच्यात नाही. तुपाच्या घागरीपुढे मी बसणार नाही. माझं बारसं एकदा झालं आहे, लग्न एकदा झालं आहे. मुहूर्त गेला तर जाऊ दे, मला तो नकोच. आधी आसुंताकडे जाणार, तिला सांगून येणार की मी पोचलो. सहलीचं बाकीचं सटवाजी बघेल. मग ऑगस्टात येईन तो माणूस म्हणून येईन, नाही तर येणार नाही.

आबांनाही आजच लिहिलं आहे, चारच ओळी: मी जिवंत आहे, टाक काढा, सुनेनं आजपासून कुंकू लावायचं, मला दूध पाजून जगवणाऱ्या म्हातारीला भेटून येतो. तुझ्या वहिनीला सांग की माझा हुकूम आहे, आजपासून कुंकू लाव.

तुझ्यावरचा राग पुसून आशीर्वाद देतो. दोन्ही घे.

बन्सी


राणीसावरगाव
६ जुलै १९४५

चि. कमलीस तुझ्या आबाचे, मुंजाजीचे आशीर्वाद.

तुला शिकवलं ते ह्याच्यासाठी का? बन्सीचं पत्र आलं. तू घरात न्हाईस, माझ्या डोळ्यांना बारीक अक्षर दिसत न्हाई, म्हणून पटवाऱ्याकडून वाचून घेतलं. त्यानं चावडीत, चार लोकांत वाचलं. सगळ्या गावाला कळलं की पोरगं बापाला काय लिहितं. दिनकरदादा तीन दिस जेवले न्हाईत. म्हणतात की घराचं नाक ह्या पोरीनं कापलं.

मी पुतळ्याला अग्नी दिला तवा माझा हात कसा झाला असंल, ते तुला कोण सांगावं. आता त्यो हाय तर देवाची मेहेरबानी. पण रीत मोडायची ताकद माझ्यात न्हाई. टाक जागेवर हाय, जागेवरच राहील. केवळी हाय तशीच राहील. बन्सी आला की कार्तिकात सगळं यथासांग होईल. तवर तू इकडं येऊ नको.

तब्येतीला जप. हे बी लिहितोच.

मुंजाजी


राणीसावरगाव
९ जुलै

कमलबाईस केवळाचा नमस्कार.

जोडाक्षरं चुकली तर हसू नका. शेजारच्या कस्तुराबाईच्या हातानं टाकायला देते.

चावडीत पत्र वाचल्यापासून बाया मला बघायला येतात. एक म्हणती लाव गं कुंकू, नवऱ्याचा हुकूम हाय. दुसरी म्हणती नको, थोरल्यांचा हुकूम न्हाई. मी मधी उभी. माझ्या कपाळाचं दोन्हीकडून चाललंय, मला कुणीच विचारीना. मागं मी तुमाला एक विचारलं व्हतं, तुमाला सांगता आलं न्हाई. तवा मला बरं वाटलं. दुसऱ्या कुणी लगेच काईतरी सांगितलं असतं.

काल सगळे शेतात गेले तवा आत्यांनी, तुमच्या आईनं, देवघरातून तुमच्या दादांचा टाक काढला अन् माझ्या वटीत टाकला. म्हणल्या की सपान माझं व्हतं, पाप बी माझं हाय, तू हे घेऊन जा. मी त्यो जवारीच्या कणगीत लपवलाय. थोरल्यांनी अजून बघितलं न्हाई. बघितलं की घर डोक्यावर घेतील.

त्यांना तिकडं जाऊ द्या. त्या म्हातारीनं त्यांना जगवलं. मला जाता आलं असतं तर मी बी तिच्याकडं गेले असते. पण मला हितं कार्तिकापस्तोर बसायचं न्हाई. कार्तिक बी नको. त्यांच्या हुकमानं न्हाई अन् थोरल्यांच्या बी न्हाई. तुमी या. मी लुगडं बांधून ठेवलंय.

लय लिहिलं. हात दुखायला. तुमची माया हाय म्हणून लिहिलं.

केवळा


सेलू
२२ जुलै १९४५

तीर्थरूप दादास,
कमलचा नमस्कार. आणि या वेळी वहिनींचाही.

वहिनी माझ्याकडे सेलूला आहेत. कसं झालं ते क्रमानं सांगते, कारण काकांकडून तुला दुसरं काही कळेल.

त्यांचं पत्र वाचलं आणि आमच्या शाळेच्या शुक्रवारच्या सुट्टीला दोन दिवस जोडून मी निघाले. गंगाखेडहून बैलगाडी केली. काळ्या चिखलात चाक रुतत होतं, गाडीवान बैलांना शिव्या देत होता आणि मी मनातल्या मनात काकांना. घरी पोचले तर काका ओसरीवरच बसलेले. मी चप्पल काढायच्या आधीच त्यांनी विचारलं की बी.ए.च्या पुस्तकात बापाचं तोंड काळं करायचा धडा कितवा असतो. मी म्हटलं की तो नव्हता, पण जिवंत माणसाला जाळायचाही नव्हता. ते उठले. त्यांचा हात वर गेला होता, दादा. आबा मधे आले. आयुष्यात पहिल्यांदा आबा आपल्या थोरल्या भावाच्या आड उभे राहिले.

मी वहिनींना हाक मारली. त्या गाठोडं घेऊन बाहेर आल्या. काका म्हणाले की हा उंबरा ओलांडला तर परत येता येणार नाही. वहिनी पदर सावरून म्हणाल्या की ह्या उंबऱ्याच्या आत मी एक वरीस मेलेलीच हाय, आता बाहेर मरून बघते. आवाज जरासुद्धा चढवला नाही. मग काका माझ्या शिक्षणावरच घसरले.

तेवढ्यात आई आली. हातात करंडा होता, तोच, जो तिनं काढून घेतला होता. ओसरीवर सगळ्यांसमोर तिनं वहिनींचा पदर मागे सारला आणि कुंकू लावलं. इतकं भरून लावलं की ते भुवईपर्यंत ओघळलं. काका ओरडले की हे पाप कोण भरणार. आईनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला म्हणाली की गाडी उभी हाय, ऊन व्हायच्या आत निघा.

गंगाखेडला उतरल्यावर मी वहिनींना सरळ दगडाबाई कासारणीकडे नेलं. तिच्या दुकानातून नदी दिसते. तिनं वहिनींना ओळखलं. त्या दिवशी घाटावर ती होती म्हणे. मी तुझी पत्रं पुढे केली, तारखा दाखवल्या. तिला वाचता येत नाही. तिनं कागद बाजूला केला, वहिनींचा हात मांडीवर ओढला आणि रंग विचारला. वहिनी म्हणाल्या, हिरवा. भरताना दोन पिचल्या, कारण हात वर्षभरात कडक झाले होते. तिनं त्या परत भरल्या आणि वर एक स्वतःची घातली. मी रडेन असं वाटलं होतं. रडले नाही. मला फक्त राग येत होता, की एवढंच करायचं होतं, आणि एवढ्याला आम्ही अकरा महिने लावले.

हुकमाचं एक सांगते. तुझं ते वाक्य वाचून वहिनी हसल्या, पण मला हसू आलं नाही. बायकोच्या कपाळावर काकांचा हुकूम नको, तसा तुझाही नको. तिला विचारून बघायला कोणालाच सुचलं नाही, आणि त्यात मीही आले. मी तरी कधी विचारलं होतं? मी तुला मुहूर्ताला बोलावत बसले.

तेव्हा तुझी बोट गेली ते बरंच झालं. सहलीबद्दल मी जे लिहिलं ते परत घेते. सगळं नाही. व्हेनिसला जाऊ नकोस, बांगड्या भरून झाल्या आहेत. आसुंताबाईंकडे मात्र जा. त्यांच्यासाठी आईनं कस्तुराबाईच्या हातून कारळाच्या चटणीची पुरचुंडी पाठवली आहे. म्हणते की दुधाबदली एवढंच हाय. पार्सलनं पाठवते, उघडून खाऊ नका, सटवाजीलाही सांग. त्यांना सगळं सांग, पण आम्ही तुझं पाणी सोडलं हे सांगू नकोस. त्या अजून ताट मांडत असतील.

हे पत्र वहिनींना मोठ्यानं वाचून दाखवलं. एकही ओळ गाळली नाही. त्यांनी मधे थांबवून एक घालायला सांगितली: त्यांना म्हणावं, कोट मी बारीक करून घेतलाय, घालायला या.

राग अजून आहे आणि मायाही आहे. दोन्ही एकाच लिफाफ्यात घालते.

तुझी
कमल

ता. क. काल काकांचा माणूस टाक मागायला सेलूला आला होता. परत पाठवला. वहिनींनी गाठोड्यात घालून आणलेला तो टाक गेल्याच आठवड्यात इथल्या सोनाराकडे आटवून घेतला. घोडा गेला, तलवार गेली. तेवढ्या चांदीत एक जोडी जोडवी बसली. वहिनींच्या पायात आहेत.